गच्चीखालची वटवाघळं: शारजाच्या पर्यावरण प्राधिकरणास खुलं पत्र

माननीय अध्यक्ष,
पर्यावरण आणि संरक्षित क्षेत्र प्राधिकरण, शारजा
यांस,

वटवाघूळ घरात शिरलं की भाडेकरू वॉचमनला गाठतो, वॉचमन पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो, आणि झुरळं-ढेकणांसाठी भरलेली टाकी छताच्या पोकळीत रिकामी होते. या साखळीत कुणाचीच नियत वाईट नसते. फक्त काम चुकीच्या माणसाकडे गेलेलं असतं. घरातून वटवाघळं काढणं हे मुळात गवंड्याचं काम आहे, फवारणीचं नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: प्राधिकरणाने बलदियाला, म्हणजे नगरपालिकेला, सोबत घेऊन हे काम कीटकनाशकाच्या ठेक्यातून बाहेर काढावं, आणि ते कोणत्या हंगामात, कोणत्या रीतीने करायचं याचा लेखी नियम करावा. पत्र मराठीत आहे, कारण वॉचमनला गाठणाऱ्या भाडेकरूंत मराठी माणसंही आहेत आणि त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

आधी कोणत्या वटवाघळांबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. कोकणातल्या कौलारू घराला माळा असतो, तसा इथल्या सपाट स्लॅबच्या घरांना नसतो. पण फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, रोलर शटरची पेटी, गच्चीवरच्या टाकीची खोली, दर्शनी फरशी आणि भिंत यांच्यात सुटलेली फट, बंद पडलेलं एसीचं डक्ट, या सगळ्या जागा माळ्याचंच काम करतात. तिथे राहते ती कुल पिपिस्ट्रेलसारखी इवलीशी, जेमतेम पाच-आठ ग्रॅमची पाकोळी. ती किडे खाते आणि अंगठा शिरेल एवढ्या फटीतून ये-जा करते. दुसरं इजिप्ती फळवाघूळ: शंभर-दीडशे ग्रॅमचं, पंख पसरले की दोन फूट. त्याला अंधारी गुहा, पडकी घरं, जुन्या विहिरी लागतात. व्हिलाच्या पांढऱ्या भिंतीवर तपकिरी शिंतोडे दिसले की तक्रार होते ती याची, पण ते त्या घरात राहत नसतं. अंगणातल्या झाडाची फळं किंवा खजूर खायला ते रात्री येतं, चोथा थुंकतं आणि निघून जातं. त्याच्यासाठी छतात फवारा मारणं म्हणजे चोर बागेत आणि पहारा माळ्यावर. घडांना जाळीच्या पिशव्या बांधणं आणि पिकलेली फळं वेळेवर उतरवणं एवढाच तिथला इलाज.

आता विषाबद्दल. शारजा-दुबईच्या रहिवाशांना ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची ओळख करून द्यायला नको. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. निवासी इमारतीत या गोळ्यांना बंदी असूनही शेजारच्या फ्लॅटमध्ये ढेकणांसाठी त्या ठेवल्या जातात. मग वायू फटींतून आणि डक्टमधून पलीकडे जातो आणि झोपेतली लहान मुलं दगावतात. अशा बातम्या या शहराने एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या आहेत. ढेकूण निदान गादीत असतो. वटवाघूळ असतं ते नेमकं त्या पोकळीत, जिच्यातून अख्ख्या मजल्याची हवा फिरते. तिथे विष सोडणं हे इमारतीतल्या माणसांवरच प्रयोग करण्यासारखं आहे, आणि एवढं करून उपयोगही नाही. वटवाघळं मरतात ती हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात. तिथे ती कुजतात, दुर्गंधी आणि माश्या होतात, फट तशीच उघडी राहते आणि पुढच्या वर्षी दुसरी वसाहत येऊन बसते. मोठ्या प्रमाणावर काय होतं याचं उदाहरण इस्राएलमध्ये आहे. फळबागांचा शत्रू म्हणून तिथे कित्येक वर्षं गुहांमध्ये लिंडेनची धुरी दिली गेली. लक्ष्य फळवाघळं होती, पण त्याच गुहांत राहणाऱ्या, किडे खाणाऱ्या जातींचा त्यात बळी गेला. फळवाघळं मात्र टिकून राहिली.

याउलट खरी रीत कंटाळवाणी आहे, पण चालते. दिवस मावळताना दोन माणसांनी इमारतीच्या दोन बाजूंना अर्धा-पाऊण तास उभं राहायचं आणि वटवाघळं कुठून बाहेर पडतात ते पाहायचं. भिंतीवरचा काळपट तेलकट डाग आणि खाली पडलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या जागा दाखवतात. लेंडी चिमटीत धरली तर (हातमोजा घालूनच) तिचा किड्यांच्या पंखांसारखा चमकणारा भुगा होतो. उंदराची लेंडी अशी भुगा होत नाही. मुख्य वाट सोडून बाकीच्या सगळ्या फटी आधी बुजवायच्या. मुख्य वाटेवर एकतर्फी दार लावायचं: वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की केलेली, खाली मोकळी सोडलेली बारीक जाळी, किंवा गुळगुळीत पीव्हीसी पाइपचा तुकडा. वटवाघूळ सरपटत बाहेर पडतं, पण परतताना त्याला पाय रोवायला जागा मिळत नाही. हे आठवडाभर ठेवायचं, बाहेर कुणी पडत नाही याची संध्याकाळी खात्री करायची, आणि मग सिमेंट, सीलंट किंवा सहा मिलिमीटरची जाळी लावून वाट कायमची बंद करायची. डांबराच्या गोळ्या, अल्ट्रासोनिक यंत्रं, रात्रभर जळणारे दिवे यांवर पैसे घालू नयेत. गोळ्यांचा वास वटवाघळांपेक्षा घरच्यांनाच जास्त बाधतो.

या सगळ्यात नियमाची गरज कुठे येते? हंगामात. मादीला वर्षाला एक किंवा दोन पिल्लं होतात, आणि ती उडायला लागेपर्यंत आईच्या दुधावर असतात. पिपिस्ट्रेलची पिल्लं वसंतात, उन्हाळ्याच्या तोंडाला जन्मतात. तेव्हा एकतर्फी दार लावलं तर आई बाहेर राहते आणि पिल्लं आत मरतात. दयामायेचा विचार बाजूला ठेवला तरी, मेलेली पिल्लं छतात ठेवून कुठलंच काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बरा. फळवाघळं वर्षातून दोनदाही वितात, त्यामुळे पडक्या घरातली त्यांची वसाहत हलवायची असेल तर आत पिल्लं नाहीत हे जाणकाराने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात लावू नये. हे वेळापत्रक ठेकेदार ठरवू शकत नाही. आपलं प्राधिकरण १९९८ पासून आहे, आपलं अरेबियन वाइल्डलाइफ सेंटर १९९९ पासून लोकांना या भूमीचे प्राणी दाखवतं आहे, आणि अरबस्तानातल्या जैवविविधतेवर २००० पासून आपण तज्ज्ञांना दरवर्षी शारजात बोलावता. हे वेळापत्रक ठरवायला यापेक्षा योग्य जागा कोणती?

आक्षेप येईल तो रोगांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहची प्रतिपिंडं आढळल्याचं २०२१ साली जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्रातही काही काळ घबराट झाली होती. पण भीती खरी मानली तर तिचं उत्तर काय, यावरचा पुरावा ठेकेदाराच्या विरोधात जातो. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली. खाणीत होती ती याच जातीची, इजिप्ती फळवाघळांची, लाखाच्या घरातली वसाहत. २००८ मध्ये ती संपवण्यात आली. २०१२ मध्ये त्याच परिसरात मारबर्गची पुन्हा साथ आली: १५ रुग्ण, ४ मृत्यू. खाणीत परतलेली वाघळं मूळच्या पाच टक्केही नव्हती, पण त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या सुमारे ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलं होतं. मोकळ्या झालेल्या जागेत पूर्वी लागण न झालेली नवी वाघळं येतात आणि विषाणूला आयतं रान मिळतं. अमिरातींत मारबर्ग नाही. उदाहरण दिलं ते मारण्याने रोग कमी होतो हा समज किती तकलादू आहे हे दाखवायला. धोका टाळायची खरी पथ्यं साधी आहेत: उघड्या हाताने वटवाघूळ उचलू नये, चावलं तर साबण-पाण्याने जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठावा, विष्ठा कोरडी झाडू नये, ओली करून मास्क लावून उचलावी.

उलट बाजूने वटवाघळांचे कैवारीही अति करतात, हे इथेच सांगायला हवं. एप्रिल २०२४ च्या पावसानंतर शारजाच्या वस्त्यांत पाणी साचून राहिलं, तेव्हा वटवाघळं डास खाऊन डेंग्यू आटोक्यात आणतील असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो आणि वटवाघळं रात्री उडतात. पण शेतीपुरता पुरावा भक्कम आहे. इस्राएलमधल्या कापसाच्या शेतांजवळच्या कुल पिपिस्ट्रेलच्या विष्ठेतला डीएनए तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुलाबी बोंडअळी सापडली, आणि अळीचा पतंग वाढला की या पाकोळ्या तिथे गर्दी करतात असं दिसलं. गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचं काय केलं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. शारजातल्या धैदच्या शेतांवर रात्री उडणारे असे भिडू फुकट मिळत असतील तर ते गमावायचं कारण नाही.

राहिला खर्चाचा आणि जबाबदारीचा प्रश्न. भाडेकरू वर्षाच्या करारावर राहतो, त्याला भिंतीला हात लावायची मुभा नसते. मालकाला फवारणी स्वस्त वाटते. हे खरं आहे, आणि म्हणूनच आवाहन पुरणार नाही. फट बुजवणं ही इमारतीची दुरुस्ती, म्हणून ती मालकाची, एवढं एक वाक्य नियमात आलं की भाडेकरू सुटतो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वटवाघळांच्या वसतीस्थानाला हात लावणंच गुन्हा आहे, मग ती त्या दिवशी तिथे असोत वा नसोत. इतकं कडक इथे नको, लोक लपूनछपून मारतील. भारताने दुसरं टोक गाठलं होतं. बेळगावजवळच्या तळेवाडीच्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत होतं, आणि बहुतेक फळवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या. ती उपद्रवींची यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली. इथे अमिरातींच्या संघराज्याच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्यात, म्हणजे क्रमांक २४ मध्ये, वन्यजीवांचं रक्षण आणि कीटकनाशकांवरची बंधनं एकत्रच आहेत. शारजाला ब्रिटन आणि भारत या दोन टोकांमधून जाणारी वाट काढायला नवा कायदाही लागणार नाही.

तेव्हा पेस्ट कंट्रोलच्या परवान्यात वटवाघळांवर रसायन वापरायला स्पष्ट मनाई असावी, तक्रारीसाठी बलदियाच्याच फोनवर एक वेगळा पर्याय असावा, आणि कामाची रीत व हंगाम सांगणारं एक पानी पत्रक अरबी-इंग्रजीसोबत उर्दू, हिंदी, मल्याळम, बंगाली आणि मराठीत प्रत्येक वॉचमनच्या खोलीत लागावं, तेही येत्या वसंतातली पिल्लं जन्मण्याआधी. मराठी मसुदा मी करून देईन, त्यासाठी प्राधिकरणाला खर्च नाही.

आपला नम्र,
शारजातला एक मराठी रहिवासी