कातिणीचं नाव लागलं, आपलं कधी लागणार?



जंगलात अभ्यासक येतात, कातिणी धरून नेतात. मग छापून येतं, 'नवी जात सापडली'. आपले म्हातारे म्हणतात, "नवी कुठली? लहानपणापासून पाहून राहिलो!" म्हणून हे नाव लागतं कसं, ते आपण समजून घेऊ.

अभ्यासक नमुना जुन्या नोंदींशी ताडून पाहतो, मापं-चित्रांसह वर्णन छापतो. नमुना संग्रहात राहतो, सोबत ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी. नाव दोन शब्दांचं असतं. आडनाव आधी, स्वतःचं नाव मागून. हा मागचा शब्द माणसावरून, गावावरून, कोणत्याही भाषेतून घेता येतो. नियमानं आधी छापलं, तेच नाव चालतं.

२०२१ मध्ये ठाण्याकडच्या एका उड्या मारणाऱ्या कातिणीला 'आयसियस तुकारामी' नाव दिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्याची बंदूक धरून गोळ्या झेलणारे पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांच्यावरून. चांगलंच झालं. २०१० मध्ये मुंबईच्या आरेतला विंचू 'लायकस आरेएन्सिस' झाला, म्हणजे आरेचा. विंचू आरेचा ठरला, पण तिथल्या पाड्यांतला वारली आपल्या जागेच्या हक्कासाठी अजून भांडतोच आहे.

शास्त्राशी आमचं भांडण नाही. पण ज्याच्या हाती लेखणी, त्याचीच नोंद होते. सातबाऱ्यातही हेच झालं. कसणारा एक, कागदावर दुसराच.

मग करायचं काय? २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावाची समिती आणि लोकांची नोंदवही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ आपल्या परंपरागत ज्ञानावर सामूहिक हक्क मानतं. आंधळगाव भागातल्या गावांनी ही वही म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना विचारून भरावी. कातीण, पाखरू, कंद, सगळ्यांची आपल्या बोलीतली नावं लिहावी. शिकलेल्या पोट्ट्यापोट्टींनी लेखणी धरावी. बाहेरचा अभ्यासक आला तर त्यानं आधी ग्रामसभेत बसावं, काय नेतो ते सांगावं, चिठ्ठीवर गावाचं नाव बरोबर लिहावं. नवं नाव द्यायचं असेल तर आपला शब्दही विचारात घ्यावा.

आणि एक. कातिणीचं नाव छापून येईल तेव्हा येईल. ज्यांचे वनहक्काचे दावे राहिले, त्यांनी ते येत्या ग्रामसभेत वनहक्क समितीकडे द्यावेत आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

जय जोहार!