उडतं का रे हे?

पंचेचाळिशीतला माणूस चिमटा आणि कानस घेऊन जेवणाच्या टेबलावर खेळण्याचे तुकडे घासत बसला की घरात प्रश्न येणारच. आईने विचारलं, "उडतं का रे हे?"

"नाही."

"मग चालतं तरी?"

"नाही गं."

"आणि एवढे पैसे दिलेस?"

तर मंडळी, हे म्हणजे गेम्स वर्कशॉपचा ड्वॉर्फ जायरोकॉप्टर. 'वॉरहॅमर' हा या इंग्लिश कंपनीचा टेबलावर छोट्या पुतळ्यांनी लढायचा खेळ १९८३ पासूनचा. त्यातले ड्वॉर्फ म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारे, दाढीवाले, हट्टी कारागीर. हे त्यांचं वाफेवर उडणारं यंत्र. मी जोडला तो प्लास्टिकचा संच २०१४ सालचा.

आधी तक्रार. नाव जायरोकॉप्टर, पण खऱ्या जायरोकॉप्टरचं वरचं पातं इंजिनाने फिरत नाही. यंत्र पुढे जाताना लागणाऱ्या हवेनेच ते फिरतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने १९२३ मध्ये असं यंत्र उडवून दाखवलं. ड्वॉर्फांचं पातं मात्र वाफेच्या जोरावर फिरतं, म्हणजे हे सरळसरळ हेलिकॉप्टर झालं. शिवाय वाफेचं इंजिन म्हटलं की बॉयलर आला, पाणी आलं, जळण आलं. हा सगळा संसार घेऊन हे धूड जमीन सोडेल, हे मला काही पटत नाही.

पण हिशेबात न बसणारं हे यंत्र डोळ्यांना पटतं, आणि माझ्या मते अशा संचाची खरी परीक्षा हीच. नळी कुठून निघाली आणि कुठे गेली ते दिसतं. बॉयलर वैमानिकाच्या इतका जवळ आहे की त्याची पाठ भाजत असेल असं वाटतं. कुणीतरी हे हातोड्याने ठोकून बनवलंय आणि बिघडलं तर तोच दुरुस्त करणार, अशी खात्री पटते. कल्पनेतली बरीच यंत्रं इथेच मार खातात. वर नक्षी भरपूर, पण चालवणाऱ्याने बसायचं कुठे?

दुसरी गोष्ट. याच तुकड्यांतून जायरोकॉप्टर करता येतो किंवा बॉम्ब टाकणारा जायरोबॉम्बर. दोन्ही एकदम नाही. बरेच जण बारीक लोहचुंबक बसवून दोन्हीची सोय करतात. मी नाही केली. या प्लास्टिकचा गोंद पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, चिकटलं की चिकटलं. ठरवावं लागतं, आणि ती गंमत चुंबकाने जाते असं माझं मत. (मी पातं किंचित वाकडं चिकटवलंय. आता जन्मभर वाकडंच राहणार. चूक माझीच.) जोडणाऱ्यांना एक सल्ला: वैमानिक आधी वेगळा रंगवा. आत बसवल्यावर ब्रश पोचत नाही.

खेळात जिंकायला म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. नियमांचा भरवसा नसतो. ज्या जगासाठी हे यंत्र घडवलं, ते जगच कंपनीने २०१५ मध्ये कथेत संपवून टाकलं, आणि २०२४ मध्ये त्याच जगाच्या जुन्या काळावर पुन्हा खेळ काढला. मधल्या काळात कपाटातली यंत्रं होती तशीच होती. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा कुठे लढतो? तरी दरवर्षी कागदात गुंडाळून जपून ठेवतोच ना आपण!

असो. बाबा गेल्यापासून आई संध्याकाळी फारसं बोलत नाही. टीव्ही लावते, पण बघत नाही. परवा मात्र रंगवून झालेलं यंत्र तिने उचललं, चष्मा वर सरकवला आणि त्या उघड्यावर बसलेल्या दाढीवाल्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय रे, एवढ्या वर ह्याला थंडी नाही वाजत?"

मी म्हटलं, "पाठीशी बॉयलर आहे ना."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि ते टीव्हीशेजारी ठेवून दिलं. पैशांबद्दल पुन्हा विचारलं नाही.