हॉटेलचे नाव सांगा, मगच पैसे मागा

भिलाई-दुर्गमधील मराठी बंधू-भगिनींनो,

या पत्रकात एकच मागणी आहे. सहल कंपनीने आपल्याकडून आगाऊ रक्कम घेण्याआधी, आपण ज्या ज्या हॉटेलांत उतरणार आहोत त्यांची नावे आणि पूर्ण पत्ते लेखी द्यावेत. जी कंपनी देणार नाही तिला एक रुपयाही देऊ नये.

पॅकेज घेताना हाती पडणारे कागद एकदा शांतपणे वाचा. विमानाचा क्रमांक त्यात असतो. दुर्गहून रेल्वेने जायचे असेल तर गाडीचे नाव आणि डब्याचा दर्जा असतो. क्रूझ असेल तर जहाजाचे नाव, केबिनचा प्रकार, कुठल्या बंदरात चढायचे आणि कुठे उतरायचे, हे सगळे कित्येक महिने आधी छापलेले असते. त्याच पॅकेजमधल्या जमिनीवरच्या रात्रींपुढे मात्र ‘थ्री स्टार हॉटेल अथवा तत्सम’ एवढेच लिहिलेले असते. लाखो रुपयांच्या व्यवहारात हीच एक गोष्ट बिननावाची राहते आणि फसगतही इथेच होते.

कारण उघड आहे. विमानाचे भाडे विमान कंपनी ठरवते, गाडीचे रेल्वे ठरवते, जहाजाचे जहाजवाले. हॉटेलची खोली मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत घासाघीस करून घेता येते. पॅकेजची किंमत आपल्याकडून आधीच वसूल झालेली असते, त्यामुळे खोली जितकी स्वस्त पडेल तितका नफा वाढतो. मुंबई, पुणे किंवा नागपूरची कंपनी हॉटेल ठरवण्याचे काम सहलीच्या ठिकाणच्या स्थानिक एजंटाला देते, तो पुढे आणखी कोणाला देतो, आणि प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. उरलेल्या पैशांत जी खोली बसते ती आपल्या नशिबी येते. हॉटेलचे नाव आधीच जाहीर झाले तर हे सगळे थांबेल, म्हणूनच ते जाहीर होत नाही.

आपल्याला नाव कळते ते निघायच्या आठवडाभर आधी, व्हॉट्सअ‍ॅपवर. तोवर सहल रद्द केल्यास होणारी कपात वाढत वाढत पूर्ण रकमेला टेकलेली असते. हॉटेल पसंत नसले तरी मागे फिरायची वाट बंद झालेली असते. हे योगायोगाने घडत नाही. अटींचा कागदच तसा आखलेला असतो.

हॉटेल वाईट म्हणजे केवळ चादर मळकी, असे समजू नका. मळक्या चादरीवर आपली शाल अंथरून माणूस रात्र काढतो. खरे नुकसान अंतराने होते. ‘मनाली मुक्काम’ असे छापून गाडी कुल्लू-मनालीच्या मधोमध कटराईनला थांबवली, की रोज जाता-येता चाळीस किलोमीटरची भर पडते. हंगामात त्या रस्त्यावर वाहने तासन् तास अडकतात. माल रोडवर संध्याकाळी फिरायचे म्हणून जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा मनालीला आला, तो ती संध्याकाळ बसच्या खिडकीत घालवतो. चारधामच्या कागदावर ‘केदारनाथ मुक्काम’ असतो आणि उतरवतात गुप्तकाशीला. गौरीकुंडहून पायी चढायला पहाटे निघायचे असते. गुप्तकाशीहून आधी सोनप्रयाग गाठायचे म्हणजे साठीच्या माणसाला रात्री दोनलाच उठावे लागते. परदेशातही हेच चालते. ‘व्हेनिसमधील हॉटेल’ म्हणून मेस्त्रेला उतरवतात. मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येते, त्यामुळे कागद खोटा ठरत नाही. पण ते गाव खाडीच्या अलीकडे, जमिनीवर आहे. आपण ज्या कालव्यांसाठी गेलो ते पुलापलीकडे. क्रूझला जोडून विकलेल्या ‘रोम’चे बंदर चिवितावेक्या हे रोमपासून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. जहाज सकाळी लागून संध्याकाळी सुटते, मग रोम पाहायला किती तास उरतात याचा हिशोब पैसे देण्याआधी करायचा. अंदमानच्या पॅकेजमध्ये ‘क्रूझ’ हा शब्द वाचून हरखून जाऊ नका. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, तिथून हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी फेरीबोटीलाच तिथे क्रूझ म्हणतात. बोट चांगली असते, पण प्रवास दीड ते अडीच तासांचा, आणि रात्री हॉटेल जमिनीवरचेच.

आपल्या भिलाईत हे जास्त बोचते. इथली मराठी घरे बरीचशी भिलाई स्टील प्लांटमुळे वसलेली. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली, आणि नागपूर, भंडारा, अमरावतीकडची माणसे इथल्या सेक्टरांमध्ये राहायला आली. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे तीन पाळ्यांत ड्यूटी केली, त्यांना मुलांच्या शाळा आणि लग्ने आटोपेपर्यंत कुठे जाता आले नाही. निवृत्त झाल्यावर फायनल पेमेंट हाती येते. मग दोघे नवरा-बायको, कधी बरोबर विहीणबाई-व्याही किंवा शेजारचे जोडपे, अशी पहिली मोठी सहल ठरते. बहुतेकांची ती शेवटचीही असते. गुडघे दुखत असतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, कोणाचे बायपास झालेले असते. अशा माणसाला लिफ्ट नसलेल्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर खोली देणे हा गुन्हा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

माझ्या आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. सहलीची नोंदणी करताना आम्ही लेखी कळवले होते की कमोड आणि लिफ्ट दोन्ही हवीत. कंपनीच्या माणसाने होकार दिला. तिथे पोचल्यावर दोन्ही नव्हते. गरम पाणी सकाळी तासभरच, तेही बादलीने मागवायचे. तिसऱ्या माणसाचा पलंग म्हणजे फरशीवर टाकलेली गादी. आईने तक्रार केली नाही. पडेन या भीतीने तिने संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद केले. पुढच्या गावी तिला चक्कर आली, डॉक्टर शोधावा लागला. त्या पिढीच्या बायका बोलत नाहीत आणि कंपन्या त्यावरच निभावून नेतात. दाराची कडी नीट लागत नाही म्हणून रात्रभर खुर्ची लावून बसणाऱ्या बायका आपल्याच ओळखीत आहेत. त्यांना विचारून पाहा.

माहितीपत्रकावरच्या ताऱ्यांबद्दलही थोडे. हॉटेलांना तारे देण्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती आहे. ते वर्गीकरण पाच वर्षांपुरते असते आणि हॉटेलने स्वतः अर्ज केला तरच होते. म्हणून ‘थ्री स्टार’ हे शब्द पाहिले की कोणी दिलेले तारे आणि कधीपर्यंत लागू, हे विचारायचे. उत्तर नसेल तर ते तारे छापखान्यातले आहेत असे धरून चालायचे.

‘अथवा तत्सम’ या अटीचा अर्थ भिलाईकरांना कोणी समजावून सांगायला नको. आपल्या प्लांटच्या मिलमधून निघणाऱ्या प्रत्येक रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण, पोलादाचा दर्जा आणि रोलिंगचा महिना-वर्ष उठवलेले असते. अल्ट्रासॉनिक तपासणीत दोष दिसला तर तो रूळ बाजूला काढतात. रेल्वेने एका दर्जाचा माल मागवावा आणि आपण वेगळाच पाठवून ‘साधारण तसाच आहे’ म्हणावे, हे या गावात कधी चालले नाही. ज्या माणसांनी आयुष्यभर ही शिस्त पाळली, त्यांनी स्वतःच्या पैशाच्या वेळी ती का सोडावी?

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. कबूल केलेली सेवा न देणे ही त्यात सेवेतील त्रुटी आहे, आणि सेवेच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कंपनीच्या कागदावर ‘सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या कक्षेत’ असे छापलेले असते आणि ते वाचून आपण तिथेच हात टेकतो. पण या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आपल्यासाठी दुर्गचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. कित्येकदा तेवढ्यानेच कंपनी बोलू लागते. आणि एकतर्फी अटच रद्द ठरवून हवी असेल तर तो अधिकार रायपूरच्या राज्य आयोगाकडे आहे. ‘सही केली म्हणजे संपले’ हे खरे नाही. बिल्डरच्या एकतर्फी करारातल्या अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन प्रकरणात एप्रिल 2019 मध्ये सांगितले आहे. जो न्याय घराच्या कराराला तोच सहलीच्या कराराला का नसावा?

मनस्तापाची किंमत कोण देणार, असे काही जण विचारतात. इंग्लंडमधला एक जुना खटला सांगतो. जॅक्सन नावाच्या गृहस्थाने पत्नी आणि दोन लहान मुलांसह सिलोनला चार आठवड्यांची सुट्टी घेतली, होरायझन हॉलिडेज या कंपनीकडून. ठरलेले हॉटेल तयार नव्हते, म्हणून त्यांना दुसरीकडे उतरवले. मुलांच्या खोलीच्या भिंतींवर बुरशी होती, शौचालय डागाळलेले, शॉवर घाणेरडा. मुलांना तिथे झोपवता येईना. प्रकरण अपील न्यायालयात गेले आणि लॉर्ड डेनिंग यांच्या खंडपीठाने 1,100 पौंडांची भरपाई कायम केली. सबंध कुटुंबाची सुट्टी वाया गेली, तिची ही किंमत होती. आपल्याकडेही मानसिक त्रासाची भरपाई ग्राहक न्यायालये देऊ शकतात, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच मान्य केले आहे. मागणारा हवा.

युरोपियन संघात तर 1 जुलै 2018 पासून नियमच आहे. पॅकेज विकण्याआधी मुक्कामाचे ठिकाण, त्याची मुख्य वैशिष्ट्ये आणि त्या देशाच्या नियमांनुसार त्याचा दर्जा सांगावा लागतो. त्यात मोठा बदल केला तर प्रवाशाला दंड न भरता करार मोडता येतो. पण हे संरक्षण तिथे पॅकेज घेणाऱ्याला. भिलाईहून मुंबईच्या कंपनीतर्फे गेलेला माणूस मेस्त्रेच्या त्याच हॉटेलात, शेजारच्याच खोलीत उतरला तरी त्याच्यामागे तो नियम उभा राहत नाही. आपल्याकडे सहल कंपनीला पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणेसुद्धा ऐच्छिक आहे. सरकारने हे बदलावे, ही आमची मागणी आहेच. तोवर आपणच आपला नियम करायचा.

कंपन्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. गट किती जणांचा होईल हे आधी कळत नाही, म्हणून हॉटेल ठरवता येत नाही, असे ते सांगतात. ठीक आहे. मग हॉटेल ठरेपर्यंत कपातही लावू नका. दरड कोसळली, रस्ता बंद झाला, तर कोणी शहाणा माणूस हॉटेलावरून भांडणार नाही. डोंगरात असे होतेच. पण स्वच्छ आकाशात, मोकळ्या रस्त्यावर हॉटेल बदलले जाते तेव्हा ते कोणाच्या तरी खिशासाठी बदललेले असते.

एक विनंती मात्र जरूर करतो. बरोबरच्या टूर मॅनेजरवर ओरडू नका. तो बहुधा पंचविशीतला मुलगा असतो, हॉटेल त्याने निवडलेले नसते, आणि चाळीस माणसांचा राग अंगावर घेण्यासाठीच त्याला पुढे केलेले असते. राग कागदावर उतरवा. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर फोटो काढा, त्याच रात्री कंपनीला ईमेल करा, बरोबरच्या प्रवाशांच्या सह्या घ्या. घरी येऊन चार महिन्यांनी सांगितलेल्या तक्रारीला जोर राहत नाही.

आणि एकट्याने मागू नका. आपण सहली गटाने घेतो. मंडळात, हळदीकुंकवाला, गणपतीच्या मांडवात ठरवतो. एकट्या जोडप्याने नाव विचारले तर कंपनी ‘बघू’ म्हणते. वीस जणांच्या गटाने हॉटेलांची यादी, लिफ्ट आहे की नाही, बदल झाल्यास पूर्ण परतावा, हे तिन्ही सहीशिक्क्यासह मागितले तर तिला द्यावेच लागते, कारण तिला वीस जागा भरायच्या आहेत. यादी मिळाली की नकाशावर अंतर पाहा, हॉटेलला स्वतः फोन करून विचारा. खोली खरोखर आरक्षित आहे का, हे तेच सांगतील.

येत्या हंगामाची नोंदणी सुरू झाली आहे. सेक्टरांतून, रिसाली, हुडको, नेहरूनगर, सुपेल्यातून जी कुटुंबे निघणार आहेत, त्यांनी पुढचा हप्ता भरण्याआधी कंपनीकडे हॉटेलांची लेखी यादी मागावी. आणि ज्यांच्याकडे मागच्या दोन वर्षांतल्या फसगतीचे कागद आहेत त्यांनी ते जपून ठेवून दुर्गच्या आयोगात तक्रार दाखल करावी.

भिलाईतील एक मराठी प्रवासी