तिफण चैत्रातच दुरुस्त करा



पाडवा झाला, काल तिफण घेऊन आमच्या सुतारदादांकडं गेलो. अंगणातला कडुलिंब मोहरलाय. वहिनी परसातल्या वांग्या-मिरचीला पाणी घालत होत्या. दादा मात्र रिकामे बसलेले. म्हणाले, "आत्ता काम नाही, अन् मृगाच्या तोंडाला तुम्ही सगळे एकदमच येता. धाकटा म्हणतोय, कंपनीत जातो."

चूक आपली आहे. ७ जूनच्या घाईत ओल्या बाभळीचं दिंड बसवून घेतो. ते वाळलं की फण ढिले होतात, बी कमी-जास्त खोल पडतं, उगवण विरळ होते. वाळलेलं लाकूड आत्ताच द्या, मजुरी रोख द्या. बलुतं गेलं, उधारी तेवढी राहिली.

अन् बांधावरच्या दोन बाभळी राखा. तुमच्या गावात सुतार राहिलाय का?