पदवीच्या जोडीला एक परकी भाषा



गेल्या हंगामात एक सभासद ऊसबिलावर उचल मिळेल का, हे विचारायला कार्यालयात आले होते. मुलगा नर्सिंगची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला. जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाने दोन महिन्यांत जर्मन शिकवण्याचे लाखभर रुपये सांगितले होते. "पोरगं हुशार आहे, शिकंल की दोन महिन्यांत," असे ते म्हणाले. आम्ही विचारले, "आडसाली ऊस दोन महिन्यांत तोडता का हो?" ते हसले. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

जर्मनीत परिचारक म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन यावी लागते. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा त्या चार पायऱ्या. कॉलेज सांभाळून तिथवर पोचायला दीड-दोन वर्षे सहज लागतात. जपानी भाषेच्या परीक्षेलाही एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. म्हणजे हिशेब आडसालीचाच! पदवीच्या पहिल्या वर्षी लागण केली आणि रोज तासभर पाणी दिले, तर पदवीबरोबर भाषाही तोडणीला येते. शेवटी घाई केली की पैसा जातो आणि भाषा कच्ची राहते.

पुष्कळ पालक म्हणतात, "आधी डिग्री पुरी होऊ द्या, मग बघू." आम्हांस हे पटत नाही. भाषेचे प्रमाणपत्र किंवा पदविका घेण्यासाठी कॉलेज सोडावे लागत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी मुले पदवी चालू असतानाच जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकली. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषांचा विभाग आहे.

दुसरी शंका अशी, की आमची पोरे मराठी माध्यमातली, इंग्रजीलाच अडखळतात. त्यांना हे कसे जमणार? खरे पाहता मराठी त्यांच्या मदतीलाच येते. जर्मनमध्ये तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत, ती आपल्या घरचीच. जपानीत 'मी पाणी पितो' याच क्रमाने वाक्य चालते, क्रियापद शेवटी. आणि आपल्या 'ला', 'चा', 'त' यांसारखे शब्द नामाच्या मागून लागतात. पोर्तुगीज तर आपल्या वाड्यावस्तीवर केव्हाच येऊन बसली आहे. घमेले, पगार, चावी, बटाटा हे सारे शब्द तिकडूनच आलेले.

भाषा शिकली म्हणजे गाव सोडलेच पाहिजे, असेही नाही. जगात सर्वांत जास्त ऊस पिकवणारा देश ब्राझील. तिथली भाषा पोर्तुगीज. उसाच्या जाती, यंत्राने तोडणी, इथेनॉल यांवरचे तिथले बरेचसे लिखाण त्याच भाषेत असते. आपल्या एखाद्या कृषी पदवीधराला ते मुळातून वाचता आले, तर त्याचा फायदा सर्वांच्याच शेताला होईल. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मका-गव्हावर त्यांनी काम केले. तो मुलूख स्पॅनिश बोलणारा. शेतीचे ज्ञान परक्या मुलखात रुजवायचे, तर तिथल्या भाषेशिवाय कसे भागेल?

मात्र प्रत्येकाने शिकलेच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. आवड नसेल त्याला जुंपू नये. चार भाषांची कच्ची सर्टिफिकेटे जमवण्यापेक्षा एकच भाषा नीट करावी. कोणती, ते मुलाच्या पदवीकडे पाहून ठरवावे.

आमची सूचना साधी आहे. पुण्या-कोल्हापुरात खोली करून राहणे प्रत्येक घराला परवडत नाही. मुलींना तर बाहेर पाठवायला अजूनही घरचे कचरतात. तेव्हा संचालक मंडळाने कार्यक्षेत्रातील एखाद्या महाविद्यालयाशी बोलून संध्याकाळचा एक वर्ग सुरू करावा. शिक्षकाचा प्रवासखर्च शिक्षण निधीतून द्यावा, उरलेली फी पालकांनी भरावी. पहिल्या वर्षी वीस मुले आली तरी पुष्कळ झाले.

येत्या वार्षिक सभेत हा विषय निघावा. उचल मागायची पाळी आल्यावर नव्हे, मुलगा-मुलगी कॉलेजात पाऊल टाकतील त्याच वर्षी आपण याचा विचार करावा, एवढीच विनंती.