शर्यत कुणाची, बाग कुणाची?
मस्टँग की कमॅरो हा मोटारींचा वाद अमेरिकेतला. पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात पानठेल्यावर जुनी माणसं भांडतात ती राजदूत ३५० आणि बुलेट या मोटारसायकलींवरून. कागदावर निकाल सोपा आहे. १९८३ मध्ये आलेल्या राजदूतचं इंजिन ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक; ताकद सुमारे ३० अश्वशक्ती. त्या काळच्या बुलेटचं ३४६ सीसीचं, पण सिलिंडर एकच, फोर-स्ट्रोक आणि अश्वशक्ती जेमतेम १८. नागपूरच्या मोकळ्या रस्त्यावर बुलेट मागेच पडणार. मात्र राजदूत पेट्रोल इतकं प्यायची, की ताकद २७ वर आणून 'लो टॉर्क' मॉडेल काढावं लागलं. मागे संत्र्यांचे क्रेट बांधून बागेतल्या चिखलातून निघायचं, तर इंजिन न पिदवता ओढणारी बुलेटच बरी. माझ्यापुरता निवाडा असा: शर्यत राजदूतची, बाग बुलेटची.