स्तंभालेखाचा पाया

रायपूर ही ज्या छत्तीसगढ राज्याची राजधानी, त्या राज्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 2 कोटी 8 लक्ष होती. 2011 मध्ये ती सुमारे 2 कोटी 55 लक्ष झाली. वाढ शेकडा 23 च्या आसपास. रायपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे दोन आकडे संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरले, तर स्तंभालेख क्षणार्धात तयार होतो. परंतु उभ्या अक्षाचा आरंभ शून्याऐवजी 2 कोटींपासून केला, की दुसरा स्तंभ पहिल्याच्या साडेसहा पटींहून अधिक उंच दिसतो. आकडा एकही खोटा नाही; चित्र मात्र खोटे ठरते.

विल्यम प्लेफेअर याने 1786 मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून या आलेखाचे मर्म एकच आहे : स्तंभाची लांबी म्हणजेच संख्येचे माप. म्हणून त्याचा पाया शून्यावरच असला पाहिजे.

अशाने लहान फरक दिसत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तथापि फरक लहान असेल, तर तो लहानच दिसणे योग्य होय. अधिक बारकावा हवा असल्यास स्तंभावर आकडा लिहावा. यंत्र आलेख काढते. अक्ष तपासण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.